प्राचार्य कोठें घडतात?

नांदेड किंवा लातूर जिल्ह्यांतील एखाद्या तालुक्याच्या गांवीं जुन्या महाविद्यालयांत जाण्याचा प्रसंग आला, तर प्राचार्यांच्या खोलींतील भिंतीकडे वाचकांनीं एकवार अवश्य पाहावें. तेथें माजी प्राचार्यांच्या नांवांचा लाकडी फलक बहुधा टांगलेला असतो. पहिलीं दोन-तीन नांवें वाचतांना मन प्रसन्न होतें. कारण त्यांच्यापुढील मुदती दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षांच्या असतात. पुढें मुदती आंखूड होऊं लागतात, आणि फलकाच्या तळाशीं येतां येतां नांवापुढें कंसांत एक शब्द दिसूं लागतो : प्रभारी. कोणी सात महिने प्रभारी, कोणी दीड वर्ष प्रभारी, कोणी प्रभारी म्हणून आले आणि प्रभारी म्हणूनच सेवानिवृत्त झाले. सगळेच फलक असे नसतील. पण असे फलक इतके आहेत कीं त्यांचें आतां कोणास नवल वाटेनासें झालें आहे.

आमच्या मतें मराठवाड्यांतील उच्च शिक्षणाच्या दुखण्याचें निदान या फलकावरच लिहिलेलें आहे. तें वाचण्याची तसदी मात्र कोणी घेत नाहीं. महाविद्यालयें ओस पडलीं, तास होत नाहींत, निकाल वेळेवर लागत नाहींत, अशी ओरड आपल्या मध्यम वर्गाच्या घरोघरीं नित्य चाललेली असते. कोणी सरकारास दोष देतो, कोणी संस्थाचालकांस, कोणी खासगी शिकवण्यांस, तर कोणी काळास. परंतु ज्या एका माणसाच्या हातीं हें सारें सोपविलेलें असतें, तो त्या खुर्चीपर्यंत कोणत्या वाटेनें आला, आणि त्या कामाचें शिक्षण त्यास कोणीं, केव्हां व कोठें दिलें, हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. आम्ही तो आज विचारणार आहों, आणि त्याचें उत्तरही आरंभींच सांगून टाकतों. तें शिक्षण त्यास कोणींही, केव्हांही आणि कोठेंही दिलेलें नसतें. आपण प्राचार्य निवडतों, नेमतों, बदलतों. घडवीत मात्र नाहीं. महाविद्यालयाच्या कारभाराला आपण पायऱ्याच बांधलेल्या नाहींत. आणि जेथें पायऱ्या नसतात तेथें वर चढावयास दुसऱ्याचे खांदे लागतात. सारा अनर्थ येथून सुरू होतो.

हें म्हणणें कोणास अतिशयोक्तीचें वाटेल, म्हणून आपल्या भोवतींच्याच दोन व्यवस्थांशीं तुलना करून पाहूं. महसूल खात्यांत तलाठ्यावर मंडळ अधिकारी, त्याच्यावर नायब तहसीलदार, त्याच्यावर तहसीलदार, पुढें उपजिल्हाधिकारी, अशी चढती रचना आहे. तिच्यांत दोष नाहींत असें आम्ही म्हणत नाहीं. पण तहसीलदाराच्या खुर्चीवर बसणाऱ्यानें सात-बाराचें काम खालच्या पायरीवर पाहिलेलें असतें. तो थेट भरतीचा असेल तर परिविक्षेच्या काळांत त्यास तें दाखविलेलें असतें. शाळांची गोष्ट याहून जवळची आहे. खासगी शाळांतील सेवाशर्तींच्या १९८१ च्या नियमावलींत पर्यवेक्षक, उपमुख्याध्यापक आणि मुख्याध्यापक अशा तीन पायऱ्या आहेत. वेळापत्रक कसें बसवावें, गैरहजर शिक्षकाचा तास कोणाकडे द्यावा, पालक रागावून आले तर त्यांस कोठें बसवावें, हें पर्यवेक्षकपणींच शिकून होतें. शिवाय नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठानें शालेय व्यवस्थापनाची पदविका मराठींतून चालविली. तिच्यामुळें खेड्यापाड्यांतील शिक्षकांसही मुख्याध्यापकाच्या कामाचा अभ्यास करतां आला. म्हणजे दहावीपर्यंतची शाळा चालविण्यास पायऱ्या हव्यात, अभ्यास हवा. आणि दोन-तीन हजार विद्यार्थ्यांचें महाविद्यालय चालविण्यास मात्र यांपैकीं कांहींच नको! हा न्याय कोणता?

कोणी म्हणेल कीं, प्राध्यापकांनाही बढतीची वाट आहेच. ती आहे, आणि तीच आमच्या म्हणण्याचा पुरावा आहे. सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक, या मार्गावर सेवेचीं वर्षें, उजळणी वर्ग आणि शोधनिबंध यांचा हिशेब ठरलेला आहे. पण ही वाट प्राचार्यांच्या खोलीवरून पुढें जाते. खोलींत शिरत नाहीं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनीं महाविद्यालयांतील शिक्षकासही बढतीनें प्राध्यापकपद खुलें केलें, ही गोष्ट चांगलीच झाली. परंतु सातव्या वेतन आयोगाच्या श्रेणी ठरल्या तेव्हां पदवी महाविद्यालयाच्या प्राचार्यास सहयोगी प्राध्यापकाच्या बरोबरीची श्रेणी आणि वर एक विशेष भत्ता, एवढेंच मिळालें. परिणाम असा कीं, ज्यानें आपला तास घेऊन, दार लावून शोधनिबंध लिहिले, तो वेतनश्रेणींत आपल्या प्राचार्याच्याही वर जाऊं शकतो. आणि ज्यानें दिवसभर पाण्याच्या टाकीपासून परीक्षेच्या गैरप्रकारांपर्यंत सारें अंगावर घेतलें, तो खालीं राहतो. त्यांत मुदत पांच वर्षांची, पुन्हा नेमणूक फार तर एकदांच. अशा स्थितींत शहाणा माणूस या पदाच्या वाटेस कशाला जाईल? जातात ते दोन प्रकारचे. एक, ज्यांना संस्थेचें काम हें आपलें कर्तव्य वाटतें असे. आणि दुसरे, ज्यांना या पदांत वेतनापलीकडचें कांहीं दिसतें असे. पहिला वर्ग लहान आहे. दुसऱ्याविषयीं वाचकांस आम्हीं अधिक सांगावयास नको.

प्राचार्यपदाच्या अलीकडे उपप्राचार्य म्हणून एक पायरी आहे खरी. पण ती पायरी नव्हे, ओटा आहे. याच विनियमांप्रमाणें प्राचार्याच्या शिफारशीवरून संस्थेनें एखाद्या ज्येष्ठ शिक्षकास दोन वर्षांपुरतें हें नांव द्यावयाचें. दोन वर्षांत माणूस बसतो आणि उठतो. त्याच्याकडे निश्चित अधिकार कोणते, हिशेबाच्या कोणत्या कागदावर त्याची सही चालते, कोणत्या निर्णयाचा जाब त्यास द्यावा लागतो, हें बहुतेक ठिकाणीं प्राचार्यांच्या मर्जीवर असतें. ध्वजवंदनास पुढें उभें राहणें आणि प्राचार्य मुंबईस गेले असतां पाहुण्यांस चहा पाजणें, एवढ्यावर ज्याची उमेदवारी झाली, त्यास उद्यां अंदाजपत्रक उलगडून दाखवा म्हणणें हा त्याच्यावर अन्याय आहे.

आतां निवडीची कसोटी पाहा. २०१८ च्या विनियमांनीं प्राचार्यपदासाठीं ज्या अटी घातल्या त्या अशा : पीएच्. डी. ची पदवी, सहयोगी प्राध्यापक किंवा प्राध्यापक हें पद व पंधरा वर्षांचा अनुभव, मान्यताप्राप्त नियतकालिकांत किमान १० शोधनिबंध, आणि संशोधनाचे किमान ११० गुण. विद्वत्तेची अपेक्षा आम्हांस मुळींच अमान्य नाहीं. अडाणी प्राचार्याची तरफदारी करावयास आम्ही बसलों नाहीं. पण या संशोधनगुणांच्या तक्त्यांत एकही रकाना असा नाहीं, जो विचारील कीं, या माणसानें एखादी परीक्षा चोख पार पाडली आहे काय? एका वर्षाचा जमाखर्च लेखापरीक्षकासमोर मांडला आहे काय? शिष्यवृत्ति न मिळालेल्या दीडशें मुलांपुढें तो उभा राहिला आहे काय? नावाडी निवडावयाचा आणि त्यानें गोदावरीवर निबंध किती लिहिले तें मोजावयाचें, अशांतला हा प्रकार आहे. निबंध चांगले असतील. नाव मात्र बुडेल.

या कसोटीचा विपरीतपणा नांदेडकरांना तरी सांगावयास नको. मराठवाड्याच्या मुक्तीनंतर, १९५० सालीं, नांदेड एज्युकेशन सोसायटीचें पीपल्स कॉलेज निघालें. त्या महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून नरहर कुरुंदकर यांनीं आपल्या आयुष्याचीं अखेरचीं वर्षें काम केलें, आणि १९८२ सालीं, पन्नाशी गांठण्यापूर्वींच, ते गेले. कुरुंदकर इंटरच्या परीक्षेंत नापास झाले होते, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. ते आधीं नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेंत शिक्षक होते; मग महाविद्यालयांत अध्यापक झाले; मग प्राचार्य. पीएच्. डी. ची पदवी त्यांच्या नांवापुढें कधींच लागली नाहीं. आज ते हयात असते आणि पीपल्स कॉलेजाच्या प्राचार्यपदाची जाहिरात निघाली असती, तर ‘जागर’ आणि ‘शिवरात्र’ यांच्या लेखकाचा अर्ज छाननींतच बाजूला पडला असता. कारकुनाची त्यांत चूक नसती. नियमच तसा आहे. ज्या नियमाच्या चाळणींतून गहूं खालीं पडतात, ती चाळणी तपासून पाहावी असें कोणास वाटूं नये काय?

लातूरचें उदाहरण याहूनही बोलकें आहे. राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० सालीं निघालें. इंग्रजीचे प्राध्यापक जनार्दन वाघमारे त्याचे संस्थापक प्राचार्य. पुढें ज्यास साऱ्या महाराष्ट्रानें ‘लातूर पॅटर्न’ म्हटलें, त्याचा पाया याच महाविद्यालयांत पडला. हा पॅटर्न म्हणजे काय होता? तो कोणता नवा सिद्धांत नव्हता. अभ्यासक्रम वेळेआधीं संपवावयाचा, जादा तास घ्यावयाचे, परीक्षा मंडळाच्या धर्तीवर पुनःपुन्हा सराव परीक्षा घ्यावयाच्या, उत्तरपत्रिका तपासून मुलांना परत दाखवावयाच्या, आणि हें सारें एका वर्षीं नव्हे तर वर्षानुवर्षें न चुकतां करावयाचें. म्हणजे लातूर पॅटर्न हें शंभर टक्के कारभाराचें फळ होतें. त्यानें पाठांतराला उत्तेजन दिलें, मुलांचें बालपण तासांत कोंबलें, असा आक्षेप पुढें आला. तो आम्हांस पुष्कळ अंशीं मान्यही आहे. पण येथें मुद्दा निराळा आहे. ज्या कर्तृत्वामुळें लातूरचें नांव गांवोगांवीं झालें, बाहेरच्या जिल्ह्यांतील पालक मुलांच्या ट्रंका घेऊन लातूरच्या स्थानकावर उतरूं लागले, त्या कर्तृत्वाला संशोधनगुणांच्या तक्त्यांत किती गुण आहेत? एकही नाहीं. त्याच लातूर पॅटर्नवर कोणी दहा पानांचा निबंध लिहून छापला, तर मात्र त्याचे गुण मिळतील. करणाऱ्यास शून्य आणि करणाऱ्याविषयीं लिहिणाऱ्यास गुण, अशी ही आपली मोजदाद आहे.

येथें प्रतिपक्षाचा पहिला आक्षेप पुढें येतो, आणि तो दिसावयास मोठा सबळ आहे. ते म्हणतात, तुम्हीच दिलेल्या उदाहरणांवरून तुमचें म्हणणें खोडून निघतें. कुरुंदकरांना कोणत्या पायऱ्या होत्या? वाघमारे यांनीं प्राचार्यपदाची कोणती पदविका घेतली होती? तरीही ते १९९४ सालीं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरु झाले, पुढें लातूरचे नगराध्यक्ष झाले, राज्यसभेवर गेले. माणूस मोठा असला म्हणजे त्यास शिडी लागत नाहीं!

हा आक्षेप ऐकावयास गोड आहे. पण तो आळशी माणसाचा आक्षेप आहे. एक तर असामान्य माणसाच्या उदाहरणावर सामान्य व्यवस्था बांधतां येत नाहीं. कुरुंदकर दर पिढीला प्रत्येक तालुक्यांत जन्मास येत असते तर आम्हीही हा लेख लिहिण्याचे श्रम घेतले नसते. दुसरें असें कीं, त्या पिढीला शिक्षण नव्हतें हेंच मुळीं खरें नाहीं. ज्यांच्या नांवानें नांदेडचें विद्यापीठ उभें आहे, त्या स्वामी रामानंद तीर्थांकडेच पाहा. ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेंत आणि नंतर अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेंत मुख्याध्यापक होते. तेथून ते हैदराबाद संस्थानांतील लढ्यांत पडले. १९३८ चा सत्याग्रह, तुरुंगवास, स्टेट काँग्रेसची बांधणी, हें सर्व त्यांनीं केलें. आणि त्यांच्याच पुढाकारानें नांदेडचें पीपल्स कॉलेज उभें राहिलें. वर्गणी कशी मागावी, पैशापैशाचा हिशेब कसा ठेवावा, रागावलेल्या सहकाऱ्यास कसें सांभाळावें, आपल्या मागून काम पुढें चालविणारा माणूस कसा हेरावा, हें सारें त्या पिढीला चळवळीनें शिकविलें. चळवळ हेंच त्यांचें कारभाराचें विद्यालय होतें. तें विद्यालय बंद होऊन आतां पाऊणशें वर्षें झालीं. त्याच्या जागीं आपण दुसरें काय उघडलें?

दुसरा आक्षेप संस्थाचालकांच्या बाजूचा. ते म्हणतात, महाविद्यालय आम्हीं काढलें, जमीन आम्हीं दिली, गांवोगांव फिरून निधि आम्हीं जमविला. तेव्हां ज्याच्यावर आमचा विश्वास तोच प्राचार्य व्हावा, यांत वावगें काय? विश्वासाचें महत्त्व आम्ही नाकारीत नाहीं. निवडसमितीच्या अध्यक्षस्थानीं संस्थेचा अध्यक्ष असतो, महाविद्यालय विकास समितीच्या अध्यक्षस्थानींही तोच असतो. कायद्यानेंच त्याला हा मान दिला आहे. आमचा प्रश्न इतकाच कीं, विश्वास कशावरून ठेवावयाचा? पायऱ्या असत्या तर अमुक माणसानें पांच वर्षें परीक्षा विभाग सांभाळला, तमुकानें वसतिगृहाचा तोटा भरून काढला, असा लेखी पुरावा समोर असता. तो नसल्यामुळें विश्वासाला दुसरे आधार शोधावे लागतात : नातें, गट, निवडणुकींतील उपयोग, आणि ‘शब्दाबाहेर जात नाहीं’ हा गुण. या व्यवहारांत सर्वांत अधिक हानि कोणाची होते? ज्याला संध्याकाळच्या बैठकींत जाऊन बसतां येत नाहीं त्याची. त्यांत खेड्यांतून आलेला, पहिल्या पिढीचा शिकलेला शिक्षक येतो. आणि त्यांत बहुतेक सर्व स्त्रिया येतात. एखादी बाई वीस वर्षें उत्तम विभाग चालवीत असेल. पण तिचें काम कोठें नोंदलेलें नसेल तर निवडीच्या दिवशीं तें कोणास दिसणार? पायऱ्यांची मागणी ही केवळ सोयीची मागणी नव्हे. ती न्यायाची मागणी आहे.

आतां प्राचार्यांच्या खोलीच्या शेजारच्या खोलींत चला. तेथें महाविद्यालयाचें कार्यालय असतें, आणि महाविद्यालय खरोखर कोण चालवितो हें तेथें कळतें. कनिष्ठ लिपिक, वरिष्ठ लिपिक, मुख्य लिपिक, अधीक्षक आणि मोठ्या महाविद्यालयांत प्रबंधक, अशी येथें शिडी आहे. पण ती छताला लागून संपते. तीस वर्षें ज्यानें वेतनाचीं देयकें केलीं, बिंदुनामावली तपासून आणली, नांदेडच्या सहसंचालक कार्यालयाच्या पायऱ्या झिजविल्या, त्याचें ज्ञान निवृत्तीच्या दिवशीं हार-नारळाबरोबर घरीं जातें. आश्वासित प्रगति योजनेनें त्यास वेतनाची वरची श्रेणी मिळते. अधिकार मिळत नाहीं.

दुसऱ्या बाजूस नव्या प्रभारी प्राचार्यांची पहिली सकाळ डोळ्यांपुढें आणा. काल संध्याकाळपर्यंत ते वनस्पतिशास्त्र किंवा मराठी शिकवीत होते. आज टेबलावर नॅकचा वार्षिक गुणवत्ता अहवाल आहे, लेखापरीक्षणाच्या हरकती आहेत, विद्यापीठाचें परीक्षा केंद्राविषयींचें पत्र आहे, आणि महाडीबीटीच्या संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचे अर्ज प्राचार्यांच्या मान्यतेसाठीं थांबलेले आहेत. ते काय करतात? मुख्य लिपिक जेथें बोट ठेवतील तेथें सही करतात. त्यांत लबाडी नसते, असहायता असते. आणि मुख्य लिपिक रजेवर असले तर अर्ज तसेच पडून राहतात. त्या पडून राहिलेल्या अर्जांतला एक अर्ज मुखेडच्या किंवा अहमदपूरच्या एखाद्या ऊसतोड मजुराच्या मुलीचा असतो. वसतिगृहाचे पैसे द्यावयाचे राहिले म्हणून ती घरीं जाते, आणि कधीं कधीं परत येत नाहीं. तिच्या घरच्यांना प्राचार्यपदाचे नियम ठाऊक नसतात. त्यांना एवढेंच ठाऊक असतें कीं पैसे आले नाहींत. प्राचार्यांच्या बढतीचा प्रश्न हा कांहीं सुशिक्षितांच्या मानपानाचा प्रश्न नव्हे, असें आम्ही म्हणतों तें याच अर्थानें.

मार्च २०२० मध्यें करोनाच्या सांथीनें महाविद्यालयांचीं दारें बंद झालीं, तेव्हां या अव्यवस्थेची परीक्षाच झाली. कांहीं ठिकाणीं दूरध्वनीवरून एकेका विद्यार्थ्याचा शोध घेतला गेला. कांहीं ठिकाणीं विद्यापीठाचें पुढचें परिपत्रक येईपर्यंत सारे स्वस्थ बसून राहिले. फरक पैशाचा नव्हता, इमारतीचा नव्हता. प्रमुखाच्या अंगीं निर्णय घेण्याची संवय होती कीं नव्हती, एवढाच होता. आणि संवय ही पदाबरोबर मिळत नाहीं. ती खालच्या पायरीवर लागावी लागते.

तिसरा आक्षेप आमच्याच मित्रांचा आहे, आणि त्याचा आम्ही आदर करतों. ते म्हणतात, कारभाराची अशी स्वतंत्र शिडी बांधली तर व्यवस्थापकांची एक नवी जात निर्माण होईल. तिला फाइल कळेल, फळा कळणार नाहीं. अमेरिकेचा अनुभव या बाबतींत पाहण्यासारखा आहे. तेथें इलिनॉय राज्यांत जॉलिएट येथें १९०१ सालीं दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचें एक महाविद्यालय निघालें, आणि पुढें अशीं लोकमहाविद्यालयें देशभर पसरलीं. आपल्या तालुक्याच्या महाविद्यालयांप्रमाणेंच तींही शेतकरी, कामगार यांच्या मुलांसाठीं आहेत. त्यांत विभागप्रमुख, अधिष्ठाता, उपाध्यक्ष आणि अध्यक्ष अशी वाट आंखलेली आहे. विद्यार्थिसेवेच्या किंवा हिशेबाच्या बाजूनें आलेला माणूसही वरपर्यंत जाऊं शकतो. आणि या कामाचें उच्च शिक्षण देणारे अभ्यासक्रम तेथील विद्यापीठांत आहेत. त्याचबरोबर, या गांवाहून त्या गांवीं बढती घेत फिरणारे, वर्गाशीं संबंध तुटलेले अधिकारी तेथेंही टीकेचे धनी होतात. म्हणून अमेरिकेची नक्कल करा असें आम्ही म्हणत नाहीं. आमचा प्राचार्य शिक्षकच असावा, आठवड्यांतून दोन तास तरी त्यानें फळ्यासमोर उभें राहावें. पण शिक्षक असणें आणि कारभार न शिकलेला असणें, या दोन गोष्टी एकच आहेत असें आपण धरून चाललों आहों. ती समजूत तेवढी सोडावी.

आणि ही मागणी आमच्या डोक्यांतून निघालेली आहे असेंही नाहीं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांतच असें म्हटलें आहे कीं, नेतृत्वाचे गुण असलेले शिक्षक लवकर हेरावे, त्यांना पायरी पायरीनें जबाबदारीच्या पदांवरून नेऊन तयार करावें, प्रमुखाचें पद रिकामें राहूं देऊं नये, आणि जाणारा व येणारा यांचा कांहीं काळ एकत्र जावा. आम्हांस जें म्हणावयाचें तें याहून अधिक काय आहे? पण त्याच धोरणांतील श्रेयांकांचे तक्ते आमच्या संलग्न महाविद्यालयांपर्यंत पोंचले. मुख्य विषय, उपविषय, कौशल्याचे अभ्यासक्रम यांचीं परिपत्रकें रात्रीअपरात्रीं येऊन धडकलीं. आणि पायऱ्यांचें तेवढें कलम कागदावर राहिलें. अभ्यासक्रम बदलण्याचें सर्वांत अवघड काम ज्यांच्या शिरावर आलें, त्यांच्यांतले कितीतरी जण स्वतःच ‘प्रभारी’ होते. ज्याला उद्यां आपण या खुर्चीवर असूं कीं नाहीं हें ठाऊक नाहीं, त्याच्याकडून चार वर्षांच्या अभ्यासक्रमाची आंखणी मागणें ही थट्टा आहे.

केवळ दोष दाखवून थांबणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. म्हणून काय व्हावें तेंही सांगतों. पहिलें, उपप्राचार्यपदाची मुदत वाढवावी आणि त्याला लेखी अधिकार द्यावे : एकाकडे परीक्षा, एकाकडे अर्थव्यवहार, एकाकडे विद्यार्थिकल्याण, आणि हीं खातीं फिरतीं ठेवावीं, म्हणजे दहा वर्षांत प्रत्येक महाविद्यालयांत दोन-तीन माणसें तयार होतील. दुसरें, प्राचार्याच्या निवृत्तीची तारीख कांहीं अकस्मात् कोसळत नाहीं. ती पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. तिच्या आधीं सहा महिने नव्या प्राचार्याची निवड पुरी व्हावी आणि त्यानें जुन्याच्या शेजारीं बसून काम पाहावें. तिसरें, नांदेडच्या विद्यापीठानें आपल्या लातूरच्या उपकेंद्रासह महाविद्यालयीन कारभाराचा एक वर्षाचा अभ्यासक्रम मराठींतून सुरू करावा, आणि तो शिक्षक व कार्यालयीन कर्मचारी या दोघांस सारखाच खुला असावा. अधीक्षक आणि प्राध्यापक एका बाकावर बसले तर कोणाचाही धर्म बुडणार नाहीं. चौथें, निवडीच्या वेळीं शोधनिबंधांइतकेंच वजन केलेल्या कारभाराच्या लेखी नोंदीला असावें. आणि पांचवें, प्राचार्याचें वेतन त्याच्या हाताखालच्या प्राध्यापकाहून कमी नसावें. यांपैकीं कोणत्याही गोष्टीला मोठा पैसा लागत नाहीं. पहिल्या तिन्ही गोष्टी तर विद्यापीठ आणि संस्था यांनीं मनावर घेतलें तर पुष्कळशा येत्या वर्षींच सुरू करतां येतील.

आपल्या वाचकांपैकीं कित्येक जण संस्थांचे सभासद आहेत, कित्येक शिक्षक आहेत, आणि बहुतेक सर्व पालक आहेत. महाविद्यालयांत मुलाचें नांव घालतांना आपण मागच्या वर्षीचा निकाल विचारतों, शुल्क विचारतों, वसतिगृहाचें जेवण कसें तें विचारतों. यापुढें आणखी एक प्रश्न विचारावा : येथील प्राचार्य कायम आहेत कीं प्रभारी, आणि त्यांच्या मागून हें काम कोण शिकत आहे? हा प्रश्न शंभर पालकांनीं विचारला तर संस्थाचालक तो ऐकतील, हजारांनीं विचारला तर विद्यापीठ ऐकेल. कोणीच विचारला नाहीं, तर भिंतीवरचा फलक भरत राहील. आणि नवा फलक करावयास टाकतांना रंगाऱ्यास एवढेंच सांगावें लागेल कीं, कंसांतला शब्द आधींच रंगवून ठेव, नांवें मागाहून घालतां येतील.